कवळीची राळ आणि गॅरेजचा कोबा

नळाचा जोड गळू लागला, की आपण हार्डवेअरच्या दुकानातून एम-सीलचे पाकीट आणतो. त्यातल्या दोन रंगांच्या कांड्या हातात मळून एकजीव करतो आणि गळणाऱ्या जागी थापतो. फुटलेल्या कपाचा कान जोडायचा असेल, तर अरल्डाइटच्या दोन नळ्या लागतात. वर्गात हे उदाहरण देऊन विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. कांड्या दोनच का? डिंकाच्या बाटलीसारखे हे सगळे एकाच नळीत का भरत नाहीत? बहुतेक जण सांगतील, ‘नळीतच वाळून जाईल म्हणून.’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. डिंक वाळतो, कारण त्यातले पाणी उडून जाते. एम-सीलमधून काहीच उडून जात नाही. ते पाण्याखालीसुद्धा घट्ट होते. वाळणे आणि घट्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या लेखातली सगळी हकीकत त्या फरकावर उभी आहे.

एम-सील, अरल्डाइट आणि अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या कुशीत राहणारी माणसे आपल्या गॅरेजच्या जमिनीवर ओततात तो चकचकीत थर, ही सगळी एकाच घराण्यातली. त्या घराण्याचे नाव इपॉक्सी. गॅरेज म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर ऑइलने काळा झालेला मिस्त्री आणि खोललेली स्कूटर येते. तिकडे मात्र घराला लागून असलेली, मोटार ठेवण्याची खोली असा त्याचा अर्थ. तिची जमीन म्हणजे साधा काँक्रीटचा कोबा. या कोब्यावर राळ आणि गारगोटीची वाळू यांचे कवच चढवण्याची पद्धत तिथे चांगलीच रुजली आहे. ही पद्धत कशी जन्मली याचा माग काढू लागलो, तेव्हा आम्ही आधी पोचलो ते दाताच्या डॉक्टरांच्या दुनियेत.

त्याआधी थोडे रसायनशास्त्र पाहू या. दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांनी एकमेकांचे हात धरून केलेला त्रिकोण म्हणजे इपॉक्साइड गट. कार्बनच्या बंधांना एकमेकांपासून सुमारे १०९ अंशांवर राहणे सोयीचे असते. त्रिकोणात त्यांना ६० अंशांच्या आसपास दुमडून बसावे लागते. ताणून धरलेल्या धनुष्यासारखी ही अवस्था आहे, निमित्त मिळताच त्रिकोण फुटतो. अमाइन वर्गातील संयुग जवळ आले, की त्यातला नायट्रोजन त्रिकोणातील कार्बनवर जाऊन चिकटतो आणि त्रिकोण उघडतो. राळेच्या प्रत्येक रेणूला दोन टोकांना दोन त्रिकोण असतात, आणि अमाइनच्या रेणूला पकडण्याच्या अनेक जागा असतात. त्यामुळे धाग्याला धागा जोडत सगळीकडून विणलेले जाळे तयार होते. एकदा विणले, की ते पुन्हा उलगडत नाही, आणि तापवले तरी मेणासारखे वितळत नाही. एका कांडीत त्रिकोण, दुसरीत अमाइन. दोन कांड्यांचे कारण हे असे आहे.

रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय प्रिलेझायेव यांनी १९०९ साली असे त्रिकोण तयार करण्याची एक सुटसुटीत अभिक्रिया शोधली. त्याच्याही आधी, १८९१ मध्ये, दुसरे एक रशियन संशोधक अलेक्सांद्र दियानिन यांनी फिनॉल आणि अ‍ॅसिटोन यांच्यापासून एक पांढरे स्फटिकी संयुग बनवले होते. त्याला आज आपण बिस्फिनॉल-ए म्हणतो. पुढली चाळीसएक वर्षे ते एक प्रयोगशाळेतले संयुग एवढेच राहिले. जर्मनीत आय. जी. फार्बेन या प्रचंड उद्योगसमूहात पाउल श्लाक यांनी १९३४ च्या सुमारास इपॉक्साइड आणि अमाइन यांच्या संयोगाचे पेटंट घेतले. श्लाक यांचा खरा ओढा धाग्यांकडे होता. नायलॉनचा भाऊ शोभेल असा पेरलॉन हा धागा त्यांनी पुढे १९३८ मध्ये शोधला. इपॉक्सी त्यांच्या हातून निसटले म्हणायला हरकत नाही.

ते हाती धरले स्वित्झर्लंडमधल्या पिएर कास्ताँ यांनी. झुरिच येथील द त्रे बंधूंची कंपनी दंतवैद्यांना लागणारे साहित्य बनवीत असे, आणि कास्ताँ तिचे रसायनशास्त्रज्ञ. कवळी आणि दातांची भरणी यांच्यासाठी चांगले द्रव्य शोधणे हे त्यांचे काम. त्या काळी कवळीचा पाया व्हल्कनाइट म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराचा असे. तो काळपट लाल दिसे आणि त्याला वासही येई. नव्या प्लॅस्टिकांकडे सर्वांचे डोळे लागले होते, पण त्यांची एक खोड होती. द्रवाचे घनरूप होताना ती आक्रसत. अ‍ॅक्रिलिक ज्यापासून बनते ते मिथाइल मेथॅक्रिलेट घ्या. त्याचे बहुवारिक बनताना आकारमान सुमारे २१ टक्क्यांनी घटते. माणसाच्या हिरड्यांचा साचा घेऊन त्यात असे द्रव्य ओतले, तर कवळी बसायची कशी?

कास्ताँ यांनी १९३६ मध्ये बिस्फिनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्या संयोगातून मधाच्या रंगाची, थोड्या उष्णतेने वितळणारी राळ मिळवली. तिच्यात थॅलिक अ‍ॅनहायड्राइड मिसळून तापवले, की ती कठीण होई, आणि मुख्य म्हणजे फारच थोडी आक्रसे. त्याचे कारण वर आलेच आहे. त्रिकोण उघडताना जागा मोकळी होते आणि रेणू जवळ आल्याने कमी झालेले आकारमान बऱ्याच अंशी भरून निघते. शिवाय अभिक्रियेत पाणी किंवा वायू सुटत नाही, त्यामुळे बुडबुडेही राहत नाहीत. राळ उत्तम होती, पण कवळीच्या बाजारात ती चालली नाही. अ‍ॅक्रिलिकचे आक्रसणे आवरण्याची युक्ती सापडली होती. आधीच बनलेल्या बहुवारिकाची पूड थोड्या द्रवात कालवून कणकेसारखा गोळा करायचा आणि तो साच्यात दाबायचा. शिवाय अ‍ॅक्रिलिकला हिरडीसारखा गुलाबी रंगही देता येई. कास्ताँ यांचे पेटंट बाझेलच्या सिबा कंपनीने परवान्यावर घेतले आणि १९४६ मध्ये बाझेलच्या औद्योगिक प्रदर्शनात धातू चिकटवणारे द्रव्य म्हणून ते लोकांसमोर मांडले. आपल्या ओळखीचे अरल्डाइट हे नाव त्या काळातले.

त्याच १९३६ सालची आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. लंडनमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स आणि विल्फ्रिड लॉसन हे स्त्री-संप्रेरकासारखे काम करणारी कृत्रिम संयुगे शोधत होते. बीजकोश काढलेल्या मादी उंदरांवर एकेक संयुग तपासताना त्यांना बिस्फिनॉल-ए मध्ये हा गुण आढळला, आणि तो त्यांनी प्रसिद्धही केला. म्हणजे एका देशात हे संयुग राळेचा पाया म्हणून निवडले जात होते आणि त्याच वर्षी दुसऱ्या देशात ते सजीवांच्या शरीरात संप्रेरकाचे सोंग घेते असे नोंदले जात होते. दंतसाहित्याचे रसायनशास्त्रज्ञ आणि संप्रेरकांचे अभ्यासक यांची मासिके निराळी, सभा निराळ्या. या दोन नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहायला जगाला जवळजवळ साठ वर्षे लागली. त्याकडे पुन्हा येऊ.

अमेरिकेत डेव्हो अँड रेनल्ड्स या जुन्या रंग कंपनीतील सिल्व्हन ग्रीनली यांनी १९४० च्या दशकात स्वतंत्रपणे याच मार्गाने जाऊन राळ बनवली. त्यांचा हेतू रंगाचे, रोगणाचे थर देणे हा होता. कच्चा माल, म्हणजे एपिक्लोरोहायड्रिन, शेल या तेल कंपनीकडे होता. खनिज तेलातील प्रोपिलिनपासून ग्लिसरीन बनवताना मधल्या पायरीवर ते मिळे. तेल, रंग आणि राळ यांची अशी सांगड बसली. १९५० च्या दशकात इपॉक्सी विमानांत, विजेच्या यंत्रांत, डबाबंद अन्नाच्या डब्यांच्या आतल्या अस्तरात आणि जहाजांच्या रंगांत जाऊन पोचले.

काँक्रीटशी त्याची गाठ पडली ती रस्त्यावर. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यात एल्बर्ट बॉट्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. पावसात पाण्याचा पातळ थर साचून रस्त्यावरचे रंगीत पट्टे दिसेनासे होत आणि अपघात होत. पाण्याच्या वर डोके काढतील अशा छोट्या घुमटाकार चकत्या रस्त्यावर बसवाव्यात अशी कल्पना निघाली. प्रथम त्या खिळ्यांनी ठोकल्या. मोटारींच्या चाकांखाली चकत्या सुटल्या, खिळे वर आले आणि टायर पंक्चर होऊ लागले! मग खिळ्यांऐवजी इपॉक्सीने चिकटवण्याचे प्रयोग झाले. १९५४ च्या सुमारास सुरू झालेल्या या खटपटीतून अभियंत्यांना एक गोष्ट पुरती कळली. ही राळ काँक्रीटला इतकी घट्ट धरते, की ओढून काढू गेल्यास राळ सुटत नाही, काँक्रीटचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून येतो. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने आपल्या द्रुतगती मार्गांवर या चकत्या सक्तीच्या केल्या, पण त्यात एक अपवाद होता. जिथे बर्फ पडते तिथे नाही. बर्फ लोटणाऱ्या यंत्राचे पाते रस्त्याला घासत जाते आणि चकत्या खरवडून नेते. (२०१७ पासून त्या राज्याने हळूहळू या चकत्या वापरणेच बंद केले.) डोंगरातला हिवाळा हा वेगळाच परीक्षक आहे, याची ही पहिली चुणूक होती.

आता डोंगरावर जाऊ. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, तर लेडव्हिल हे गाव ३१०० मीटरवर. हवा कोरडी आणि विरळ. दिवसा ऊन कडक, रात्री जमिनीची उष्णता भराभर आकाशात निघून जाते. रॉकीच्या पूर्व उतारावर चिनूक नावाचा उबदार वारा सुटतो, तेव्हा तापमापकाचा पारा अक्षरशः उडी मारतो. त्या पर्वताच्या पूर्वेला, साउथ डकोटातील ब्लॅक हिल्सच्या पायथ्याशी स्पिअरफिश नावाचे गाव आहे. तिथे २२ जानेवारी १९४३ रोजी सकाळी दोन मिनिटांत तापमान उणे २० वरून अधिक ७ अंश सेल्सिअसवर गेल्याची नोंद आहे. एरवी अशी उडी रोज नसते, पण हिवाळ्यात पाणी दिवसा वितळायचे आणि रात्री गोठायचे हा क्रम आठवडेच्या आठवडे चालतो.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. काँक्रीट वरून भरीव दिसले, तरी आतून स्पंजासारखे सच्छिद्र असते. छिद्रांत पाणी भरलेले असताना ते गोठले, तर उरलेल्या पाण्याला जायला जागा राहत नाही आणि दाब वाढून काँक्रीट आतून फाटते. पोर्टलँड सिमेंट असोसिएशनचे टी. सी. पॉवर्स यांनी १९४५ मध्ये या दाबाचा सिद्धान्त मांडला, त्यात पुढे त्यांनी स्वतःच दुरुस्त्याही केल्या. पण यावरचा उपाय सिद्धान्ताच्या आधी, आणि तोही अपघाताने सापडला होता. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील काही रस्ते शेजारच्या रस्त्यांपेक्षा जास्त टिकत आहेत असे दिसले. शोध घेता कळले, की त्यांच्यासाठीचे सिमेंट दळताना गिरणीत गुरांची चरबी घातली होती. चरबीमुळे काँक्रीट कालवताना फेस होऊन त्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे अडकले होते. गोठणाऱ्या पाण्याला पसरायला या रिकाम्या कोठड्या मिळाल्या. तेव्हापासून थंड प्रदेशात काँक्रीटमध्ये मुद्दाम बुडबुडे घालतात. काँक्रीट बळकट करण्यासाठी त्यात हवा घालायची, हे विद्यार्थ्यांना आधी पटत नाही, पण आहे असे.

रस्ते टिकले, पण दुसरे संकट आले ते मिठाचे. न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी प्रयोग म्हणून मीठ वापरले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात साऱ्या अमेरिकेत मिळून ५,००० टन मीठ रस्त्यांवर पडले, आणि आता हा आकडा दर वर्षी दोन कोटी टनांच्या घरात आहे. मिठाचे पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठण्याचे टळू शकते. त्याहून कडक थंडीसाठी मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण वापरतात. कोलोरॅडोच्या रस्त्यांवर ते सर्रास फवारले जाते. मोटार संध्याकाळी घरी येते ती चाकांच्या कमानींत चिकटलेला हा खारट चिखल घेऊन. गॅरेजमध्ये तो रात्रभर ठिबकत राहतो. म्हणजे साऱ्या रस्त्याचे मीठ रोज थोडे थोडे त्या कोब्यावर उतरते, आणि तिथे ते धुऊन टाकायला पाऊसही नसतो.

या मिठाची एक गंमत आहे, किंवा दुष्टपणा म्हणा. वाटते की जितके मीठ जास्त, तितके नुकसान जास्त. व्हर्बेक आणि क्लीगर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काँक्रीटचे पापुद्रे सर्वांत अधिक निघाले ते तीनचार टक्क्यांच्या सौम्य द्रावणाने. फार तीव्र द्रावण गोठतच नाही. सौम्य द्रावण गोठते, वितळते आणि पुन्हा गोठते. गॅरेजमध्ये बर्फाच्या पाण्याने विरळ झालेले द्रावण नेमके याच टप्प्यातून जाते. मॅग्नेशियम क्लोराइड तर सिमेंटच्या घटकांशी रासायनिक अभिक्रिया करून त्याची पकडच ढिली करते.

तेव्हा उपाय सरळ दिसतो. खारे पाणी आत मुरू द्यायचे नाही, वर राळेचे कवच चढवायचे. पण साधी राळ जाडसर ओतून भागत नाही, आणि का भागत नाही याचे गणित नववी-दहावीच्या वर्गात करता येण्याजोगे आहे. एक अंश तापमान बदलले, की काँक्रीट मीटरमागे सुमारे १० मायक्रोमीटर लांबते किंवा आखडते. निव्वळ इपॉक्सी सुमारे ५५ मायक्रोमीटर. गॅरेज सहा मीटर लांब आणि उन्हाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचा फरक ४० अंश धरला, तर काँक्रीट २.४ मिलिमीटर आखडेल. राळ मोकळी असती तर १३.२ मिलिमीटर आखडली असती. पण ती मोकळी नाही, काँक्रीटला घट्ट चिकटलेली आहे. या अडलेल्या आखडण्याचा ताण राळेच्या ताठरपणाने गुणला, तर तो सुमारे ५ मेगापास्कल येतो. साध्या काँक्रीटची ताण सहन करण्याची ताकद दोन ते चार मेगापास्कल. म्हणजे थर जाड असेल तर कडेपासून राळ उचलली जाते, आणि तिच्या पोटाला काँक्रीटचा पापुद्रा चिकटलेला असतो. कॅलिफोर्नियात जिचे कौतुक झाले ती घट्ट पकड इथे उलटते.

यावर उपाय म्हणजे गारगोटी. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडचे स्फटिक. मोहच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक सातवा, साध्या पोलादाच्या वरचा. पाणी, मीठ, पेट्रोल, बॅटरीतले आम्ल यांपैकी कशालाही ते दाद देत नाही. आणि तापमानाने होणारे त्याचे प्रसरण काँक्रीटच्या जवळपास जाणारे आहे. राळेत वजनाने ७० टक्के गारगोटीची वाळू भरली, तर आकारमानाने ती निम्मी होते (गारगोटीची घनता २.६५, राळेची १.१५ च्या आसपास, हिशोब करून पाहावा). मिश्रणाचे प्रसरण पंचावन्नवरून तीस-पस्तीसवर उतरते. ८५ टक्के भरली तर पंचविशीपर्यंत. आखडणे कमी, झीज कमी, आणि ओल्या बुटांनी पाय घसरणेही कमी.

ही युक्ती उद्योगांच्या स्वयंपाकघरांत आणि दुग्धशाळांत पक्की झाली आणि तिथून गॅरेजमध्ये आली. कामाची रीत पाहण्यासारखी आहे. कोबा हिऱ्याच्या कणांच्या चाकाने घासून खरबरीत करायचा. पातळ राळेचा हात मारून ती छिद्रांत मुरू द्यायची. मग राळेचा थर पसरून, तो ओला असतानाच त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या रंगीत गारगोटीची वाळू मूठमूठ उधळायची. किती? राळ जितकी गिळेल तितकी, आणि वर कोरडी वाळू दिसू लागेपर्यंत. कोंबड्यांना दाणे टाकावेत तसे हे काम दिसते. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून घ्यायची, हवे तर पुन्हा एक थर, आणि शेवटी वरून पारदर्शक लेप. गारगोटी सर्वच शत्रूंना पुरून उरते असे मात्र नाही. बर्फावर पकड घेण्यासाठी टायरमध्ये टंगस्टन कार्बाइडचे खिळे बसवतात, ते गारगोटीहून कठीण असतात. त्यांनी रस्त्यांची इतकी नासाडी केली, की मिनेसोटा राज्याने १९७१ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली.

गंमत अशी, की गारगोटीची हीच युक्ती त्या सुमारास तोंडातही चालली होती. जरा विचार केला तर दिसेल, की आपले तोंड हाही एक डोंगरी प्रदेशच आहे. आइस्क्रीममागून गरम चहा घेतला, की काही सेकंदांत चाळीसएक अंशांची उडी! दाताच्या वेष्टनाचे प्रसरण अंशाला सुमारे ११, म्हणजे जवळजवळ काँक्रीटइतकेच. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करणारे दंतवैद्य राफाएल बोवेन यांनी १९५० च्या दशकात इपॉक्सीत खनिजाची पूड भरून दात भरण्याचे प्रयोग केले. राळ तोंडात लवकर घट्ट होईना. तेव्हा त्यांनी इपॉक्सी राळेचा रेणू घेऊन त्याच्या टोकांना अ‍ॅक्रिलिकच्या घराण्यातले गट जोडले, त्यात सिलिकाची पूड भरली आणि पूड व राळ एकमेकांना घट्ट धरावीत म्हणून पुडीच्या कणांना सिलेनचा लेप दिला. १९६२ मध्ये त्याचे पेटंट झाले. दाताच्या रंगाची भरणी जगभर त्यातून पसरली. ज्या अ‍ॅक्रिलिकने कास्ताँ यांच्या राळेला कवळीतून हुसकले, त्याच्याशी सोयरीक करून ती राळ पुन्हा दातात शिरली.

गॅरेजकडे परत येऊ. डोंगरावर आणखी दोन अडचणी येतात. पहिली थंडीची. अभिक्रियेचा वेग ठोकळमानाने दहा अंशांना निम्मा होतो. कोबा दहा अंशांच्या खाली गेला, तर नेहमीचे इपॉक्सी दिवसेंदिवस चिकट राहते. तेवढ्या वेळात अमाइन हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि दव यांच्याशी जमवून घेते आणि पृष्ठभागावर मेणचट साय धरते. त्या सायीवर पुढला थर चिकटत नाही. उलट, कालवलेली राळ बादलीत तशीच ठेवली, तर अभिक्रियेची उष्णता आतच कोंडून ती धुमसू लागते. जमिनीवर पसरलेली गोठते आणि बादलीतली पेटू पाहते! घरी एम-सीलच्या दोन गोळ्या कालवून एक फ्रिजमध्ये आणि एक ओट्यावर ठेवावी, अर्ध्याअर्ध्या तासाने टाचणी टोचून पाहावी, म्हणजे पहिला भाग तरी विद्यार्थ्यांना स्वतः पडताळता येईल. मळताना हातमोजे घालावेत, हे सांगायला विसरू नये. अमाइन आणि कच्ची राळ यांनी त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते.

दुसरी अडचण उन्हाची. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. बिस्फिनॉलमधली बेंझिनची कडी हे किरण शोषते आणि राळ पिवळी पडते. गॅरेजचे दार उघडे असताना जितकी उन्हाची तिरीप आत येते, तितकाच पट्टा नेमका पिवळा झालेला दिसतो. म्हणून वरचा लेप निराळ्या घराण्यातला देतात. बायर कंपनीत १९९० च्या दशकात पॉलिअ‍ॅस्पार्टिक नावाचे लेप विकसित झाले. त्यांत बेंझिनची कडी नसते आणि ते थंडीतही काही तासांत घट्ट होतात. खाली पकड धरायला इपॉक्सी, मध्ये गारगोटी, वर हा लेप, अशी तिहेरी रचना आज रूढ आहे.

हे सारे लिहिताना एक गोष्ट मनाला टोचत राहते. कोबा घासणारा माणूस काय श्वासात घेतो? काँक्रीटमधील वाळू म्हणजे बहुधा गारगोटीच. तिची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात खोल जाऊन बसते, तिथे व्रण होतात आणि सिलिकोसिस जडतो. त्यावर औषध नाही. १९३०-३१ मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट येथे सिलिकायुक्त खडकातून बोगदा खणला गेला, तिथले बहुतेक मजूर कामाच्या शोधात आलेले कृष्णवर्णीय होते. मार्टिन चेर्निॲक यांनी १९८६ मध्ये केलेल्या अंदाजानुसार त्यांतले किमान ७६४ जण या धुळीने मेले. आपल्याला इतके लांब जाण्याचीही गरज नाही. आपल्या पिढीने पाटीवर जिने मुळाक्षरे गिरवली ती पेन्सिल मध्य प्रदेशातील मंदसौर येथे बनत असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तिथल्या तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस आढळला होता.

अमेरिकेने २०१६ च्या नियमाने हवेतील स्फटिकी सिलिकाची कमाल मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम केली. घासणीच्या यंत्राला धूळ ओढणारा पंप हवा किंवा पाण्याची धार हवी, हे त्यातून आले. राळ आणि गारगोटी यांच्याच मिश्रणातून बनवलेल्या कृत्रिम दगडाचे ओटे कापणाऱ्या तरुण कामगारांमध्ये हा रोग इतक्या वेगाने वाढला, की १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने तो दगड बनवणे, विकणे व बसवणे यांवर बंदी घातली. पसरलेल्या जमिनीतली गारगोटी राळेत बंद असते, तिच्यावर चालणाऱ्याला धोका नाही. धोका आहे तो ती बसवण्याआधी कोबा घासणाऱ्याला, आणि वीस-पंचवीस वर्षांनी ती उखडणाऱ्याला.

डॉड्स यांच्या नोंदीचेही असेच. पूर्ण घट्ट झालेल्या जाळ्यात बिस्फिनॉल विणले गेलेले असते आणि गॅरेजची जमीन कोणी चाटत नाही. पण अन्नाच्या डब्यातील अस्तरातून ते लेशमात्र अन्नात उतरते, हे १९९० च्या दशकात मोजले गेले आणि वादाला तोंड फुटले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये माणसाने रोज सहन करावयाची त्याची मर्यादा पूर्वीच्या वीस हजारांश केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या साहित्यात ते वापरण्यावर बंदी आणणारा नियम केला. जमिनीवरच्या राळेत ते अजून आहे.

शेवटी, शाळेच्या कोब्यावर करता येईल असा एक प्रयोग देतो. अमेरिकेत राळ ओतण्याआधी तो करतात. सुमारे ४५ सेंटिमीटर बाजूचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर चारही कडांनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवावा आणि किमान सोळा तास तसाच ठेवावा. संध्याकाळी शाळा सुटताना लावला, तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत काढता येतो. खालच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर जमिनीखालची ओल काँक्रीटमधून वर येते आहे असे समजावे. अशा कोब्यावर ओतलेली राळ फोड येऊन सुटते. जुलैमध्ये एकदा आणि मार्चमध्ये एकदा, एकाच जागी तुकडा लावून पाहावा.